शेपटी नसलेलं फायटर विमान वळतं कसं, आणि सगळा भार इंजिनावर का येतो

उसाच्या रानात नांगरट करताना बांधाला आलं की ट्रॅक्टर कसा वळवतात हे बघितलंय का कधी? नुसतं स्टेअरिंग फिरवून भागत नाही, मोठा फेरा घ्यावा लागतो आणि कोपऱ्यातलं रान तसंच पडून राहतं. म्हणून ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडलं असतात, डाव्या चाकाचं वेगळं, उजव्याचं वेगळं. डावीकडं वळायचंय तर डावं पेडल दाबायचं, डावं चाक जागेवर थांबतं, उजवं पळत राहतं आणि अख्खा ट्रॅक्टर त्या एका चाकाभोवती गरकन फिरतो. हे आधी सांगतोय कारण जगातली सगळ्यात महागडी लढाऊ विमानं आता जवळपास याच युक्तीनं वळणार आहेत.

26 डिसेंबर 2024 ला चीनच्या चेंगदू शहरावरून उडणाऱ्या एका विमानाचे व्हिडिओ आले, लोक त्याला जे-36 म्हणतात, त्याच दिवसात शेनयांग कंपनीचं दुसरं एक दिसलं, आणि दोन्हींना शेपटी नाही. मग 21 मार्च 2025 ला अमेरिकेनं बोईंगला एफ-47 ह्या नव्या फायटरचं काम दिलं. मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत आहे, चहाच्या सुट्टीत हा व्हिडिओ मोबाईलवर फिरला तेव्हा आमच्या मेस्त्रींनी एकच प्रश्न विचारला, "अरे मग ते सरळ कसं जातंय?" प्रश्न एकदम मुद्द्याचा होता, तिथंच नीट उत्तर देता आलं नाही म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी शेपटी करते काय ते बघू. बाणाच्या मागं पिसं असतात ती कशाला? बाणाचं तोंड जरा जरी वाकडं झालं तरी मागच्या पिसांवर हवा आदळते आणि शेपूट परत रांगेत ढकलते, तोंड आपोआप सरळ. विमानाच्या मागचा उभा पंखा तेच काम करतो, पायलटनं काही न करता. त्याच्यावरचा रडर, म्हणजे मागची हलणारी फळी, डावी-उजवीकडं वळवला की तोंड वळवता पण येतं. लँडिंगला आडवा वारा असेल किंवा दोनातलं एक इंजिन बंद पडलं आणि विमान एका बाजूला ओढायला लागलं, तर सावरायला तोच उभा पंखा असतो. मागं आडवी शेपटी असते ती तोंड वर-खाली करायला. ही आडवी शेपटी काढणं तसं जुनं आहे, आपल्या तेजसला ती नाहीच, 4 जानेवारी 2001 ला पहिल्यांदा उडालं तेव्हापासून पंखाच्या मागच्या कडेच्या फळ्याच ते काम करतात. अवघड आहे ते उभा पंखा काढणं.

मग काढायचाच कशाला? रडारसाठी. गल्लीत क्रिकेट खेळताना दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात बॉल मारला की तो कुठंही न जाता परत आपल्याकडंच येतो, काटकोनाचा गुण तो. सपाट पंख आणि त्यावर उभी शेपटी म्हणजे तसाच कोपरा, बाजूनं रडारची लाट आली की उलटी रडारकडंच. म्हणून अमेरिकेच्या एफ-22 आणि एफ-35 फायटरच्या शेपट्या तिरक्या केल्या, लाट दुसरीकडं जाते. पण तेवढ्यानं भागत नाही, कारण काही रडार मीटर-दोन मीटर लांबीच्या लाटांवर चालतात आणि शेपटीची साइझ पण तेवढ्याच घरातली असते, अशा वेळी तिचा आकार कितीही हुशारीनं दिला तरी ती वस्तू त्या लाटेला घुमून उत्तर देते, देवळातली घंटा आपल्या सुराला घुमते तशी. याला खरा उपाय म्हणजे शेपटीच नको. वजन आणि हवेचा अडथळा पण वाचतो, तो फायदा वेगळा.

आता शेपटी काढली की तिचं काम कुणीतरी करायलाच लागतंय. इथं ट्रॅक्टरचा ब्रेक येतो. अमेरिकेचं बी-2 बॉम्बर 17 जुलै 1989 ला पहिल्यांदा उडालं, त्याच्या पंखांच्या टोकाला अशा फळ्या आहेत ज्या मधून चिरलेल्या असतात, अर्धी वर उघडते, अर्धी खाली, मगरीच्या जबड्यासारखी. डावीकडची उघडली की डाव्या टोकाला हवा अडते, तो पंख मागं राहतो, उजवा पुढं जातो, तोंड डावीकडं. डावा ब्रेक दाबला, एवढंच. शेनयांगच्या विमानात पंखाची टोकंच वेगळी फिरताना दिसतात, ती पण त्याच जातीची गोष्ट.

पण ब्रेकनं वळण्यात तीन दुखणी आहेत. एक तर वेग मरतो. दुसरं, उघडलेला जबडा म्हणजे रडारला नवीन कोपरा, ज्यासाठी शेपटी काढली तेच परत दारात, म्हणून बी-2 शत्रूच्या टापूत ह्या फळ्या मिटून घेतं आणि डाव्या-उजव्या इंजिनांची ताकद कमी-जास्त करून दिशा धरतं. आणि तिसरं दुखणं मला लहानपणापासून माहितीये. ट्रॅक्टर रस्त्यावर आणला की दोन्ही पेडलं एका पट्टीनं जोडून घ्यायची असतात, माझे चुलते एकदा रानातून थेट रस्त्याला लागले, पट्टी लावायची राहिली, समोर म्हैस आली म्हणून पाय दाबला तो एकाच पेडलवर पडला, ट्रॅक्टर असा काही आडवा गेला की ट्रॉली नव्हती म्हणून वाचलो, मी मडगार्डवर बसलेलो. रानात जी गोष्ट कामाची, तीच वेगात जीवावर येते. शेपटी नसलेल्या विमानाचं तसंच आहे, त्याला सरळ राहायची ओढच नसते, तोंड जरा वाकडं झालं की ते अजून वाकडं व्हायला बघतं. त्यामुळं कॉम्प्युटर एका सेकंदात कितीतरी वेळा तोंड कुठं आहे ते मोजतो आणि कुठली फळी किती हलवायची ते ठरवतो. पायलट स्टिक हलवतो म्हणजे फक्त "मला तिकडं जायचंय" असं सांगतो, बाकीचं कॉम्प्युटर बघतो. तो बंद पडला तर विमान गेलं, म्हणून असले कॉम्प्युटर एकाला तीन-चार जोडीला ठेवतात.

बॉम्बर सावकाश वळलं तरी चालतं. फायटरला नाही चालत. इंजिनांची ताकद कमी-जास्त करणं फायटरला फार मंद पडतं, इंजिन म्हणजे गरगर फिरणारं जड लोखंड, त्याला वेग घ्यायला नि सोडायला वेळ लागतो. त्यापेक्षा जी गरम हवा मागनं सुटतेच आहे तिचं तोंडच वळवलं तर? घरासमोर पाईपनं पाणी मारताना नोझल डावीकडं केलं की हाताला उजवीकडं झटका बसतो ना, तेच. याला थ्रस्ट व्हेक्टरिंग म्हणतात आणि माझ्या मते सगळा विषय इथं फिरतो. कारण शेपटी, फळ्या, रडर हे सगळं बाहेरच्या हवेवर जगतं. वेग कमी असला किंवा नाक फार वर उचललं की शेपटी पंखाच्या आणि धडाच्या आडोशाला जाते, तिथं गढूळ हवा, शेपटी असून नसल्यासारखी. खूप उंचावर हवाच विरळ. नोझलला ह्याची पर्वा नाही, इंजिन पेटलेलं आहे तोवर जोर आहे.

हे नुसतं कागदावर नाही. एक्स-31 नावाचं अमेरिका आणि जर्मनीचं प्रयोगाचं विमान होतं, त्याच्या मागं कार्बनची तीन पाती लावलेली, ती गरम हवेत घुसवून तिची दिशा बदलायची. 1994 मध्ये त्यांनी एक भारी गोष्ट केली, विमानाला उभी शेपटी होती पण कॉम्प्युटरला सांगितलं की रडर असा हलव की शेपटीचा सरळ ठेवायचा गुण खोडून निघेल, म्हणजे शेपटी आहे पण तिचं काम शून्य. आवाजापेक्षा जास्त वेगात हे केलं आणि नोझलच्या जोरावर विमान सांभाळलं. शेपटी कापून बघायची हिंमत करण्याआधी नाटक करून बघितलं, आणि काही चुकलं तर शेपटी परत कामाला लावता येत होती. मला ही युक्ती फार आवडते, आमच्यात पण नवीन पॅटर्न टाकायचा म्हणजे आधी दोन-चार बॉक्सच ओतून बघतात, सगळी लाईन बदलत नाहीत. त्या विमानात इंजिन कुठलं होतं माहितीये? जीईचं, म्हणजे जनरल इलेक्ट्रिकचं, एफ-404. आपल्या तेजसमध्ये त्याच घरातलं इंजिन आहे. मग 1997 मध्ये नासानं आणि मॅकडोनेल डग्लसनं एक्स-36 उडवलं, खऱ्या फायटरच्या 28 टक्के साइझचं, शेपटी अजिबात नाही, पायलट जमिनीवर बसून उडवायचा, 31 उड्डाणं झाली. चिरलेल्या फळ्या, पुढं छोटे पंख आणि वळणारं नोझल एवढ्यावर ते चपळपणे उडतं हे तिथं सिद्ध झालं.

आता चपळ म्हणजे काय, इथं बऱ्याच जणांचा घोळ होतो. एअर शोमध्ये विमान शेपटीवर उभं राहतं, पानासारखं गिरक्या घेत खाली येतं, ते बघायला नाद खुळा वाटतं, पण युद्धात वेग गमावलेलं विमान म्हणजे आखाड्यात पाय उचललेला पैलवान, दुसरा टपलेलाच असतो. पुढच्या पिढीच्या विमानांची खरी चपळाई वेगळी आहे, 15-16 किलोमीटर उंचीवर, आवाजाच्या दीडपट वेगात, वेग न गमावता वळणं. आणि तिथं नोझलचं एक काम आहे जे व्हिडिओत दिसतच नाही. विमान आवाजाच्या पुढं गेलं की पंखावरचा उचलायचा जोर मागं सरकतो, नाक खाली जायला बघतं. ते वर धरायला मागच्या फळ्या सतत थोड्या वाकड्या ठेवाव्या लागतात, म्हणजे सतत थोडा ब्रेक दाबून गाडी चालवल्यासारखं, तेल जळतं आणि वाकडी फळी रडारला दिसते ते वेगळंच. त्याऐवजी नोझल एक-दोन अंश वळवून नाक धरलं तर फळ्या सपाट राहतात. कसरत वगैरे काही नाही, नुसतं सरळ जाणं, पण ह्यातूनच पल्ला वाढतो आणि विमान लपतं.

नोझलचा आकार हा अजून एक तिढा. नाशिकजवळ ओझरला एचएएल ह्या सरकारी विमान कंपनीनं जी सुखोई-30 एमकेआय बांधली त्यांची नोझलं गोल आहेत आणि तिरक्या अक्षावर हलतात, त्यामुळं दोन्ही वेगवेगळी हलवली की बाजूला पण जोर मिळतो. पण गोल नोझल मागनं रडारला चमकतं. एफ-22 चं चपटं नोझल लपायला चांगलं, त्याच्यातून गरम हवा पट्टीसारखी निघते आणि लवकर थंड होते, ते वर-खाली 20 अंश वळतं पण बाजूला नाही, आणि शेपटी नसलेल्या विमानाला बाजूचाच जोर तर हवा असतो. शिवाय चौकोनी पाईपमध्ये प्रेशर भरलं की तो फुगून गोल व्हायला बघतो, त्याला तसं धरून ठेवायला जाड भिंती, जास्त वजन. जे-36 ला तीन इंजिनं, एकाची हवा पाठीवरून घेतलेली, हे बघून लोक हसले होते, पण तीन नोझलं शेजारी-शेजारी असणं म्हणजे एक बंद पडलं तरी ओढ फार वाकडी होत नाही, मला तरी त्यात शहाणपण दिसतं.

इथपर्यंत इंजिनाकडं शेपटीचं काम आलं. अजून दोन कामं बाकी आहेत.

पहिलं काम लांब जायचं. एफ-47 चा पल्ला अमेरिकेच्या हवाई दलानं 1000 नॉटिकल मैलांपेक्षा जास्त दिलाय, म्हणजे 1850 किलोमीटरच्या पुढं, एफ-22 चा त्यांच्याच तक्त्यात 590 नॉटिकल मैल आहे. कोल्हापुरातून उडून दिल्लीच्याही पुढं जायचं, काम करायचं आणि परत यायचं, असं समजा. वेग परत आवाजाच्या दुपटीच्या वर पाहिजे. ह्या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. पाणी उपसताना मोठ्या पाईपमधून पाणी सावकाश सोडलं तर कमी ताकदीत ढीगभर पाणी निघतं, बारीक नोझल लावलं तर पाणी लांब उडतं पण मोटर दमते. प्रवासी विमानाचं इंजिन पहिल्या प्रकारचं, ए-320 निओच्या लीप इंजिनात गाभ्यातून, म्हणजे जिथं तेल जळतं तिथून, एक भाग हवा जाते तर बाहेरून 11 भाग, म्हणून ते तेल कमी पितं. फायटरचं दुसऱ्या प्रकारचं, एफ-404 मध्ये गाभ्यातून एक भाग जाते तर बाहेरून भागाचा जेमतेम तिसरा हिस्सा. आजवर इंजिन बनवताना यातलं एक काय ते निवडायला लागायचं. नवीन इंजिनं उडता उडता बदलतात, नेहमीच्या दोन हवांच्या भोवती तिसरा एक मार्ग असतो, लांब जायचं असेल तर तो उघडायचा, लढायचं असेल तर बंद करून हवा गाभ्याकडं वळवायची. कल्पना जुनी आहे, 1990 मध्येच जीईचं वायएफ-120 असं बदलणारं इंजिन उडालं होतं, पण निवड झाली ती प्रॅट अँड व्हिटनीच्या साध्या एफ-119 ची. आता जीईच्या एक्सए-100 बद्दल कंपनी सांगते की तेल 25 टक्के वाचतं आणि जोर 10 टक्के वाढतो. पुढच्या विमानांसाठी जीईचं एक्सए-102 आणि प्रॅट अँड व्हिटनीचं एक्सए-103 तयार होतंय.

दुसरं काम थंड ठेवायचं. रडार, शत्रूचं रडार गोंधळवणारा जॅमर, कॉम्प्युटर ह्या सगळ्यांची उष्णता कुठंतरी टाकायला लागते, आणि लपणाऱ्या विमानाला बाहेर जाळ्या नि भोकं ठेवता येत नाहीत. त्यामुळं आजची विमानं ती उष्णता टाकीतल्या तेलात ढकलतात, आणि परतीच्या वाटेवर टाकी रिकामी व्हायला लागली की उष्णता ठेवायला जागाच कमी पडते. तिसऱ्या मार्गातली हवा त्यातल्या त्यात थंड असते, ती उष्णता घेऊन मागनं निघून जाते, वरून गरम झोताभोवती गुंडाळली जाते म्हणून मागनं उष्णता कमी दिसते. वीज पण इंजिनावरच फिरणार. म्हणजे एकाच इंजिनानं ढकलायचं, वळवायचं, गारवा द्यायचा आणि वीज द्यायची. घरातली एकच सून आणि सगळ्यांची तिलाच हाक, तशी गत आहे.

हे सगळं शेवटी येऊन थांबतं एका पात्यावर, आणि तिथं मी जरा जास्त वेळ घेणार कारण ते आमच्या कामातलं आहे. आमच्याकडं लॅडलमधून, म्हणजे ओतायच्या मोठ्या भांड्यातून, बीडाचा रस ओततात तेव्हा तो 1350 ते 1400 अंश असतो, दोन हात लांबून तोंड भाजतं, साच्यातून निळ्या ज्वाळा निघतात. आधुनिक फायटर इंजिनात टर्बाइनच्या, म्हणजे गरम हवेच्या जोरावर फिरणाऱ्या चाकाच्या, पहिल्या पात्यावर जो जाळ येतो तो ह्या रसापेक्षा पण गरम, 1600 अंशांच्या घरात, आणि पातं ज्या निकेलच्या मिश्रधातूचं बनवतात तो धातू 1350 च्या आसपास वितळायला लागतो. म्हणजे स्वतःच्या वितळण्याच्या वर असलेल्या जाळात ते पातं मिनिटाला दहा हजारांच्या वर फेरे मारतं, त्याला बाहेरच्या बाजूला टनावारी ओढ बसते, आणि ते वाढता कामा नये, केसभर पण. हे जमतं कसं? पातं आतून पोकळ असतं, आतून हवा खेळवतात, त्याच्या अंगावरच्या बारीक भोकांतून ती बाहेर येऊन पात्याभोवती पातळ चादर धरते, ही "गार" हवा पण पाच-सहाशे अंशांची असते बरं का. वरून चिनी मातीच्या जातीचा पातळ लेप.

आणि सगळ्यात अवघड, ते पातं एकाच स्फटिकाचं असतं. गुळाची ढेप फोडली की ती रव्यांच्या मधून फुटते, कारण रवा आणि रवा जिथं मिळतो तीच कमजोर जागा. साध्या कास्टिंगमध्ये धातूचे असे लाखो रवे असतात, आणि गरम असताना ओढ बसली की त्या सांध्यांतून धातू हळूहळू सरकतो. खडीसाखरेचा एक खडा घ्या, तो आतून एकसंध. पातं तसं करायचं. आधी मेणाचं पातं करायचं, त्यावर मातीचं कवच चढवायचं, मेण वितळवून काढायचं, इथपर्यंत आपले मूर्ती ओतणारे पण करतात. मग हवा काढलेल्या भट्टीत धातू ओतायचा, साच्याच्या तळाला गार पट्टी, तिथं बरेच रवे उगवतात, पण वर जायला फक्त एक नागमोडी बारीक वाट ठेवलेली, त्या वळणांतून एकच रवा पुढं निसटतो, आणि साचा भट्टीतून इतका सावकाश खाली ओढायचा की तोच एक रवा वाढत वाढत अख्खं पातं होतो. घाई केली की दुसरा रवा उगवला, पातं गेलं. आतली पोकळी करायला जो मातीचा कोअर ठेवतात तो शेवटी रसायनात विरघळवून काढायचा. आम्हाला पंपाच्या बॉडीत कोअर दोन मिलिमीटर सरकला तर रिजेक्शन येतं आणि संध्याकाळपर्यंत चेहरा उतरलेला असतो, तिथं तर भिंतीच मिलिमीटरच्या आसपासच्या.

आपलं कावेरी इंजिन अडकलं त्यात असल्या धातूकामाचा मोठा वाटा होता. 1989 मध्ये ते तेजससाठी मंजूर झालं, जोर कमी पडला, वजन वाढलं आणि 2008 मध्ये तेजसपासून वेगळं केलं. लोक त्याला फेल म्हणतात, मला ते पटत नाही, कारण पहिल्या साच्यातच नग पास व्हावा असं म्हणणारा माणूस कधी फाउंड्रीत उभा राहिलेला नसतो. हैदराबादच्या डीएमआरएल प्रयोगशाळेनं 2021 मध्ये हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी एकाच स्फटिकाची 60 पाती करून एचएएलला दिली. आपल्या एएमसीए ह्या होऊ घातलेल्या लपणाऱ्या फायटरला तिरक्या शेपट्या ठेवल्यात, त्याच्या पुढच्या टप्प्यासाठी फ्रान्सच्या साफ्रान कंपनीबरोबर 120 किलोन्यूटन जोराचं इंजिन करायचं ठरलंय. आणि कावेरीचं आफ्टरबर्नर, म्हणजे जादा जोरासाठी मागं तेल जाळायची सोय, नसलेलं रूप घातक नावाच्या बिनपायलट, बिनशेपटीच्या विमानासाठी आहे.

त्या घातकचं छोटं भावंड 1 जुलै 2022 ला उडालं. आत माणूस नाही, स्वतःहून उडालं आणि स्वतःहून उतरलं, कर्नाटकात चित्रदुर्ग जिल्ह्यात, आणि डिसेंबर 2023 मध्ये बिनशेपटीच्या रूपात उडाल्याचं जाहीर झालं. शिरोलीच्या नाक्यावर उभं राहिलं की समोरून जो हायवे बेंगळुरूकडं जातो तो चित्रदुर्गवरूनच जातो, आमच्या कास्टिंगच्या गाड्या रोज त्याच रस्त्यानं भरून जातात. मेस्त्रींना तो व्हिडिओ दाखवला. दोनदा बघितला त्यांनी, मग विचारलं, "त्याचं पातं कोण ओततंय?"